कणाचं नाव काय? पुण्याची जुनी वेधशाळा, लेझर आणि आपली हवा

कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर उत्तमच, आणि बसमध्ये आवाज फार असेल म्हणून वाचत असाल तर हा लिखित भाग तुमच्यासाठीच.

आज सुरुवात फोनपासून करू. कुठलंही हवामानाचं ॲप उघडा आणि पुण्याचा एक्यूआय बघा. एक आकडा दिसेल, त्याच्या मागे एक रंग दिसेल. हिरवा असला की आपण खूश, लाल असला की मास्क शोधायला लागतो. हा राष्ट्रीय निर्देशांक आपल्याकडे २०१५ साली सुरू झाला. त्यात एकूण आठ प्रदूषक धरलेले आहेत. पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया. किती झाले? सात. आठवं कोण?

आठवं आहे शिसं. आणि गंमत अशी, की तासातासाला बदलणाऱ्या त्या आकड्यात हे आठवं गिऱ्हाईक नसतंच. बाकीचे सात प्रदूषक केंद्रावरची यंत्रं जागच्या जागी मोजतात. शिशासाठी मात्र हवेतली धूळ कागदावर गोळा करायची, तो कागद लॅबमध्ये न्यायचा, आणि मग उत्तराची वाट बघायची.

आता तुम्ही म्हणाल, एक नसलं तर काय एवढं बिघडलं? जरा साधं गणित करू. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. आपल्याकडच्या २००९ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांत हे कण सरासरी ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात, एका घनमीटर हवेत. शिशाची मर्यादा आहे १ मायक्रोग्रॅम. समजा एखाद्या दिवशी पीएम २.५ चा आकडा ४० आहे. त्या हवेत कुठून तरी शिशाची धूळ मिसळली, नेमकी १ मायक्रोग्रॅम. म्हणजे शिसं दिवसाच्या मर्यादेला जाऊन टेकलं. फोनवर काय दिसेल? चाळीसचे एक्केचाळीस. रंग तोच, शब्दही तोच, 'समाधानकारक'.

आणि शिसं म्हणजे काही रस्त्यावरची माती नव्हे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि रक्तात शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

म्हणजे प्रश्न असा आहे. हवेत कण किती, हे आपल्याला आत्ता कळतं. पण कण कशाचे, हे कळायला वेळ लागतो. या दोन प्रश्नांमधलं अंतर कसं पडलं आणि ते लेझरने कसं मिटवता येतं, ही आजची गोष्ट. आणि ती सुरू होते पुण्यातल्याच एका वेधशाळेपासून. पण तिथे जाण्याआधी एक छोटा फेरफटका जर्मनीत.

ज्वाळेचा रंग आणि मूलद्रव्याचा पत्ता

गॅसच्या ज्योतीवर मिठाचा कण पडला की ज्योत क्षणभर पिवळी होते. घरी प्रत्येकाने बघितलंय हे. मिठात सोडियम असतं आणि तापलेलं सोडियम पिवळाच प्रकाश देतं. दिवाळीत हिरवा चंद्रज्योत लावता ना, तो हिरवा रंग बेरियमचा. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. निळसर दिसला तर तांबं.

प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगाचाच प्रकाश बाहेर टाकतं. तो प्रकाश लोलकातून काढला की अखंड इंद्रधनुष्य दिसत नाही, अंधारात वेगवेगळ्या जागी बारीक चमकत्या रेघा दिसतात. कुठल्या जागी किती रेघा, हे प्रत्येक मूलद्रव्याचं वेगळं. म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा. हायडलबर्गच्या विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खोफ यांनी १८५९–६० मध्ये हे पद्धतशीर मांडलं. या पद्धतीने त्यांना दोन नवी मूलद्रव्यंही सापडली, सिझियम आणि रुबिडियम.

या दोघांची एक गोष्ट सांगतात. लांबच्या मॅनहाइम शहरात आग लागली होती आणि हे खिडकीतून बघत होते. सहज त्यांनी आपलं यंत्र त्या ज्वाळांकडे वळवलं, तर त्यात बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या रेघा! आगीच्या जवळ न जाता तिच्यात काय जळतंय ते कळलं. आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, की आगीचं कळतं तर सूर्याचं का नाही कळणार?

तर सूर्यासाठी लोक पोचले आपल्याकडे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला आले होते. त्या काळातल्या निरीक्षणांमध्ये सूर्याच्या कडेला एक पिवळी रेघ दिसली. आधी वाटलं सोडियमच आहे. पण ती रेघ सोडियमच्या जागेच्या थोडी बाजूला होती. हे वेगळंच मूलद्रव्य निघालं, हेलियम. पृथ्वीवर ते हातात यायला १८९५ साल उजाडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू, कारण दर १८ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो. इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियरने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असा. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होता आणि त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, ती रेघ बघितली. विजयदुर्गला तो आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, फक्त तारीख बदलते.

आणि त्याच १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला एक पुणेकर तळ ठोकून होता. त्याची गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

पुण्यातला रेघा वाचणारा माणूस

त्याचं नाव कावसजी दादाभाई नायगामवाला. जन्म १८५७. मुंबईच्या एलफिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांना स्पेक्ट्रोस्कोपीची, म्हणजे या प्रकाशाच्या रेघा वाचण्याच्या शास्त्राची, प्रयोगशाळा काढायची होती. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारनेही तेवढीच भर घातली. यंत्रं घ्यायला नायगामवाला इंग्लंडला गेले. तिथल्या जाणकारांनी सल्ला दिला, नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच काढा की! हा सल्ला देणाऱ्यांत लॉकियरही होता.

तर ती वेधशाळा उभी राहिली पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. हे कॉलेज म्हणजे कोण, तर आपलं आजचं सीओईपी. १८८८ मध्ये तिथे वीस इंची आरशाची ग्रब कंपनीची दुर्बीण आली. त्या वेळी भारतातली ती सगळ्यात मोठी दुर्बीण होती. शिवाजीनगरला सीओईपीच्या पुलावरून जाताना आपण सिग्नलला वैतागत असतो, त्या परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस रात्री जागून ताऱ्यांच्या प्रकाशातली मूलद्रव्यं वाचत होता.

त्यांचं एक काम आजच्या विषयाच्या अगदी मर्माला हात घालतं. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे, त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसते. ती कशाची, यावर त्या वेळी मोठा वाद चालला होता. लॉकियरचं म्हणणं, ती मॅग्नेशियममुळे आहे. त्यावर त्याने विश्वाच्या जडणघडणीची एक अख्खी कल्पना रचली होती. आता मॅग्नेशियमचा जो पट्टा लॉकियरला अभिप्रेत होता, तो एका बाजूला पुसट होत जातो. नायगामवालांनी पुण्याच्या दुर्बिणीतून बघितलं आणि १८९१ मध्ये कळवलं, की रेघ सगळ्या परिस्थितीत धारदारच दिसते, कडा पुसट होत नाही. म्हणजे मॅग्नेशियम नाही.

जरा विचार करा. ज्याने सल्ला दिला, विलायतेत ज्याचं एवढं वजन, त्याच्याच म्हणण्याविरुद्ध पुण्याचा एक अध्यापक आपलं निरीक्षण छापतो. आणि तो बरोबर निघतो. ती रेघ खरं तर विरळ वायूतल्या ऑक्सिजनची होती, हे पुढे १९२७ च्या सुमारास आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलगडलं.

या गोष्टीचं तात्पर्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. रेघ दिसली म्हणजे काम झालं असं नाही. ती नेमकी कुणाची, हे नीट तपासावं लागतं. नाव चुकलं की त्यावर रचलेलं सगळंच चुकतं.

नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. सगळी यंत्रं कोडाईकनालला गेली, दुर्बीणही गेली. एका माणसाच्या ध्यासावर उभी राहिलेली संस्था त्याच्यामागे टिकवायची कशी, याची काही सोयच नव्हती.

आकाशातून खाली, हवेकडे

वेधशाळा गेली, पण आकाशाकडे बघणारे लोक पुण्यात पुन्हा आले. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे हललं. चौकाला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात ते त्यामुळे. मग १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात सुरू झाली. पाषाण रोडवरची आपली आयआयटीएम ती हीच.

१९६२ हे साल दुसऱ्या एका कारणासाठीही महत्त्वाचं. त्याच्या दोनच वर्षं आधी, मे १९६० मध्ये, अमेरिकेत थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवून दाखवला होता. या नव्या खेळण्याचं करायचं काय, असं लोक विचारत होते. १९६२ मध्ये ब्रेक आणि क्रॉस या दोघांनी लेझरचा झोत पदार्थावर मारला, त्याची वाफ झाली, आणि त्या चमकत्या वाफेच्या प्रकाशातून मूलद्रव्यं ओळखता येतील असं दाखवलं. बुन्सेनच्या ज्योतीची जागा आता लेझरने घेतली.

पुण्यात लेझर हवेकडे वळला तो मात्र वेगळ्या कामासाठी. आयआयटीएममध्ये ऐंशीच्या दशकात लायडार बसवलं गेलं. लायडार म्हणजे प्रकाशाचं रडार म्हणा. आर्गॉन वायूवर चालणारा लेझर, त्याचा हिरवट-निळा झोत आकाशात सोडायचा. वाटेत धुळीचे कण आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. थोड्या अंतरावर ठेवलेली दुर्बीण तो विखुरलेला प्रकाश टिपते. कुठल्या उंचीवरून किती प्रकाश आला, त्यावरून त्या उंचीवर कण किती ते कळतं. १९८६ पासून पुण्याच्या आकाशावर अशी निरीक्षणं पुढे कित्येक वर्षं नियमित होत राहिली. त्या काळात आपल्या देशात असं काम करणाऱ्या जागा मोजक्याच होत्या.

पण एक फरक नीट समजून घ्या. लायडार सांगतं कण किती आणि कुठे. कण कशाचे, हे ते थेट सांगत नाही. आज ज्या छोट्या सेन्सरच्या पेट्या लोक गॅलरीत लावतात, त्यातही एक बारीक लाल लेझर असतो, आणि त्याचंही तत्त्व तेच. कणावर प्रकाश पडला, विखुरला, मोजला. कण मातीचा असो, काजळीचा असो की शिशाचा, त्या पेटीच्या दृष्टीने सगळे सारखेच.

पुढे २०१० मध्ये दिल्लीत आणि २०१३ मध्ये पुण्यात आयआयटीएमचं 'सफर' सुरू झालं. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी अशा भागांत केंद्रं आली आणि हवेचा अंदाज लोकांपर्यंत पोचला. 'किती' या प्रश्नाचं उत्तर पुण्याला घरबसल्या मिळायला लागलं.

नाव कळल्यावर काय होतं: पेट्रोलची गोष्ट

नाव कळून काय साधतं, याचं एक उदाहरण आपल्याच रस्त्यांवर घडून गेलंय. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायचे, इंजिन खडखडू नये म्हणून. गाडी चालली की धुराड्यातून शिसं बाहेर. पुणे म्हणजे तर दुचाकींचं शहर, आकुर्डीला स्कूटर बनायच्या आणि लक्ष्मी रोडवर त्या अडकायच्या. तुमच्या आईबाबांनी त्या गर्दीत जो श्वास घेतला, त्यात हे शिसं होतं.

आता समजा आपल्याला एवढंच माहीत असतं, की हवेत धूळ आहे. उपाय काय सुचला असता? रस्ते झाडा, पाणी मारा, झाडं लावा. पण हवेतल्या कणांमध्ये शिसं आहे हे ओळखलं गेलं, म्हणून उपाय थेट तेलशुद्धीकरण कारखान्यात झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. रस्ता झाडायची गरजच नाही, शिसं घालायचंच बंद. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते बंद केलं.

नावाची ताकद ती ही. आकडा आपल्याला घाबरवतो. नाव आपल्याला दार दाखवतं, कुठल्या दारावर जाऊन भांडायचं ते.

मग पुण्याच्या धुळीतली नावं शोधायचा प्रयत्न झाला का? झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा अभ्यास करवला, त्यात पुण्याचं काम एआरएआयने केलं. वेताळ टेकडीवरची, गाड्यांची चाचणी करणारी संस्था. हवेतले कण फिल्टर कागदावर गोळा केले, त्यातली मूलद्रव्यं आणि इतर घटक तपासले, आणि त्यावरून स्रोतांचा वाटा काढला. पीएम १० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा निघाला. सहा शहरांचा एकत्रित अहवाल २०११ मध्ये आला.

काम मोलाचं होतं, यात शंका नाही. पण पद्धतीची मर्यादा बघा. पंपाने हवा ओढायची, बहुधा चोवीस तास. कण कागदावर बसतात. कागद आधी आणि नंतर वजन करायचा. मग त्याचा तुकडा ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि यंत्रातून काढायचा. समजा कुणी रात्री दोन वाजता जुन्या बॅटऱ्या वितळवल्या आणि पहाटे चारला भट्टी बंद केली. त्या दोन तासांचं शिसं कागदावर उरलेल्या बावीस तासांच्या धुळीत मिसळून गेलं. उत्तर हातात येईपर्यंत भट्टी थंड, माणूस पसार, आणि वारा त्या रात्री कुठून वाहत होता हे शोधायचं जुन्या नोंदींतून. गुन्ह्याचे ठसे मिळाले, पण गुन्ह्याची वेळ हरवली.

ठिणगी

इथे १९६२ ची ती कल्पना परत येते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेतल्या कणांसाठी वापरून बघितली. बेरिलियमसारखा विषारी धातू फिल्टरवर आहे का, हे त्यांना झटपट ओळखायचं होतं. या पद्धतीला 'लिब्ज' म्हणतात. मराठीत सांगायचं तर लेझरच्या ठिणगीने वर्णपट वाचणं.

काम कसं चालतं ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

एक. लेझरचा झटका सोडायचा. तो टिकतो सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका. ऊर्जा फार नसते, पण ती इतक्या कमी वेळात, इतक्या बारीक बिंदूवर एकवटते, की तिथली हवा आणि त्यातला कण फाटून प्लाझ्मा होतो. तापमान दहा हजार अंशांच्या वर. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो, म्हणजे बघा. अर्थात ही ठिणगी टाचणीच्या टोकाएवढी.

दोन. थोडं थांबायचं. सुरुवातीला ठिणगीचा स्वतःचा पांढरा लखलखाट असतो, त्यात काही वाचता येत नाही. साधारण मायक्रोसेकंदभर, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढं थांबलं की लखलखाट ओसरतो आणि रेघा उठून दिसतात.

तीन. त्या रेघा कॅमेऱ्याने टिपायच्या. सोडियम ५८९ नॅनोमीटरला, शिसं ४०५.८ ला, तांबं ३२४.८ ला, बेरियम ४५५.४ ला. यादी ठरलेली आहे. नायगामवाला जे डोळ्याने करायचे, ते आता कॉम्प्युटर करतो, आणि सेकंदाला अनेकदा.

हेच तंत्र तुम्ही बातम्यांत ऐकलंय, फक्त तेव्हा लक्ष चंद्रावर होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर चंद्राच्या दक्षिण भागात उतरला, आठवतंय? त्यावर बंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेने बनवलेलं लिब्ज यंत्र होतं. त्याने चंद्राच्या मातीवर लेझर मारला आणि गंधक असल्याचं सांगितलं. शिवाय ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियमही दिसलं. पावणेचार लाख किलोमीटरवरच्या मातीतली मूलद्रव्यं आपण त्याच आठवड्यात वाचली, आणि चौकातल्या धुळीतल्या शिशासाठी कागद लॅबमध्ये नेतोय. टोमणा म्हणून नाही सांगत. हे तंत्र आपल्या लोकांना जमतं, एवढंच सांगायचंय.

मग अडतं कुठे?

अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवून उपयोग नाही. चंद्रावर माती समोर पसरलेली असते. हवेत कण विरळ असतात. एक मायक्रॉनचा कण म्हणजे ग्रॅमच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाचा ऐवज. लेझरचा बिंदूही बारीक. त्यामुळे नुसते हवेत झटके मारले तर बहुतेक वाया जातात. त्यावर उपाय म्हणजे पंपाने हवा ओढून कण सरकत्या कागदी पट्टीवर किंवा एखाद्या टोकावर काही मिनिटं साठवायचे आणि मग ठिणगी मारायची. त्या क्षणी नाही, पण काही मिनिटांत उत्तर मिळतं. चोवीस तासांच्या तुलनेत हे काहीच नाही.

दुसरी अडचण, तेवढंच शिसं वेगवेगळ्या धुळीत मिसळलं तर रेघेची चमक कमीजास्त होते. म्हणून यंत्र आपल्याच शहराच्या धुळीवर तपासून घ्यावं लागतं. आर्सेनिकची वार्षिक मर्यादा तर ६ नॅनोग्रॅम आहे, इतकं बारीक पकडणं अवघड. त्यामुळे लॅबमधला कागद लगेच निवृत्त होणार नाही. खात्री करायला तो लागणारच.

आणि तिसरी, नायगामवालांची अडचण. रेघ ओळखली तरी मालक कोण? समजा बेरियम दिसलं. फटाके? असू शकतं. पण गाड्यांच्या ब्रेकमध्येही बेरियमचं संयुग असतं. मग सोबत कोण आहे ते बघायचं. बेरियमबरोबर स्ट्रॉन्शियम आणि पोटॅशियम एकदम उसळलं, तर फटाके. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, ती पाळली जाते का हे असं तपासता येईल. बेरियमबरोबर तांबं, अँटिमनी आणि लोह असेल, आणि तेही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत, तर ब्रेक. जस्त टायरमधून येतं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह आणि टायटॅनियम एकत्र आलं तर ती आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाची धूळ. त्यात कॅल्शियम जास्त निघालं तर जवळ बांधकाम आहे का बघायचं. पोटॅशियम एकटंच वाढलं तर लाकूड किंवा पालापाचोळा जाळलेला. म्हणजे एका ठशावर निकाल द्यायचा नाही, अख्खी टोळी बघायची. आणि टोळी ओळखायला वेळ महत्त्वाची. कोण कुणाबरोबर, किती वाजता, वारा कुठून. ही वेळ कागद देत नाही, ठिणगी देते.

आपल्याकडे २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आहे आणि त्याच्या यादीत पुणेही आहे. असे पैसे खर्च करताना दोन रस्ते असतात. धूळ दाबण्यासाठी फवारे आणि यांत्रिक झाडू घ्यायचे, किंवा आधी धुळीला नाव विचारायचं. रस्त्यावरची माती असेल तर झाडू बरोबर उपाय आहे, जरूर वापरा. पण रात्रीची भट्टी असेल तर शहरभर झाडू फिरवून शिशाचा एक कणही कमी होणार नाही. आपण दिवसाला साधारण अकरा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेत कशाचे कण आहेत हे विचारण्याचा हक्क त्या भट्टीशेजारच्या चाळीतल्या पोराला आहेच की.

आणि इतिहासाने एक इशाराही देऊन ठेवलाय. पुण्यात प्रकाश वाचण्याचं काम एकदा सुरू झालं होतं, देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण इथे होती, आणि माणूस निवृत्त झाला तसं ते बंद पडलं. यंत्र आणणं सोपं असतं. रोज चालवणारा माणूस, त्याचा पगार, यंत्राची देखभाल, आणि आलेलं उत्तर लोकांसमोर ठेवण्याची सवय, हे सगळं टिकवणं अवघड. लेझर आला तरी हे नसेल, तर त्याचीही तख्तसिंहजी वेधशाळा व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी हवेबद्दल नगरसेवकांना, महापालिकेला किंवा प्रदूषण मंडळाला काही विचारायची संधी मिळाली, तर 'एक्यूआय किती' एवढ्यावर थांबू नका. ते फोन सांगतो. विचारा, आमच्या भागातल्या कणांत शिसं किती निघालं? कधी मोजलं होतं? आणि पुढचं उत्तर कधी मिळेल?

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. सीओईपीत शिकणारा कुणी मित्र असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा. नायगामवालांचं नाव त्याने ऐकलंय का, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!